प्रतिभेचा पत्ता

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात महंमद घौस यांचा भव्य मकबरा आहे आणि त्याच्या अंगणात, त्या मानाने अगदीच साधी, तानसेनाची कबर. जवळच चिंचेचं झाड. या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुरेल होतो, ही गाणाऱ्यांची जुनी समजूत. मूळ झाड या श्रद्धेपायीच गेलं म्हणतात. आता आहे ते त्याच्या जागी वाढवलेलं. डिसेंबरात तानसेन समारोहाला शहराच्या लष्कर भागातली मराठी मंडळी सहकुटुंब जातात, तेव्हा एक दृश्य हमखास दिसतं. आई टाचा उंचावून चार पानं तोडते, लेकीच्या तळहातावर ठेवते, लेक आंबट तोंड करून ती चावते. पाला गिळून व्हायच्या आत आईचं पुढचं वाक्य येतं, "आणि उद्यापासून पहाटे उठून खर्ज लावायचा, कळलं?"

अर्ध्या मिनिटात दोन सिद्धान्त झाले. एकात प्रतिभा बाहेरून अंगात येते, दुसऱ्यात ती घासून घासून कमवावी लागते. त्या माउलीला या दोन्हींत काही विसंगती वाटत नाही आणि माझ्या मते तिचं बरोबर आहे. पण विद्वानांना मात्र गेली अडीच हजार वर्षं या दोन्हींपैकी एकच उत्तर हवं होतं. त्या हट्टापायी माणसांनी प्रतिभेचा पत्ता सारखा बदलला: देवाची कृपा, पूर्वजन्म, घराणं, रक्त, कवटी, आणि अलीकडे घड्याळाचे तास. पत्ता बदलला की प्रतिभावंतांची यादीही बदलते. काही नावं आत येतात, काही बाहेर राहतात. ही बाब आपल्या पोरांच्या शाळेपर्यंत येऊन पोचलेली आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

देव बोलतो, माणूस सांगतो

सर्वांत जुनं उत्तर म्हणजे प्रतिभा माणसाची नसतेच. होमरची महाकाव्यं सुरू होतात तीच काव्यदेवतेला हाक मारून. प्लेटोने 'आयॉन' या संवादात हे फार चांगलं समजावलंय. लोहचुंबकाला एक लोखंडी कडी चिकटते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. देवता म्हणजे चुंबक, कवी पहिली कडी, त्याची कविता सादर करणारा दुसरी, आणि ऐकणारे शेवटची. ओढ सगळीकडे एकच, आणि ती कुणाही कडीची स्वतःची नव्हे. वरवर पाहता हे कवीचं कौतुक. पण प्लेटोला कवींवर तसा भरवसा नव्हता. कवीला आपण काय बोलतो ते कळतच नाही, हा त्यातला टोमणाही आहे.

रोमन लोक मानत की प्रत्येक पुरुषाबरोबर जन्मतःच एक रक्षक देवता येते. तिला वाढदिवसाला नैवेद्य दाखवत. आज आपण ज्याला 'जीनियस' म्हणतो, ते या देवतेचंच नाव होतं. त्या काळी ते हुशारापुरतं राखीव नव्हतं. गल्लीतल्या सामान्य माणसाचाही एक असायचाच. इस्लामपूर्व अरबस्तानात कवीच्या कानात जिन कुजबुजतो असं मानत.

आपल्याकडे तुकोबांचं पाहा. "आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची" असं म्हणणारे तुकोबा. आणि "असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे" म्हणणारेही तुकोबाच. कीर्तनात दोन्ही अभंग एकाच बैठकीत येतात आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही. वाचा देवाची, सायास माझे. हजीऱ्याच्या चिंचेखालची आई याच परंपरेतली.

या समजुतीचा एक व्यावहारिक फायदाही होता. कविता उत्तम झाली तर फुगायला नको, आणि फसली तर जीव द्यायला नको. श्रेय आणि खापर दोन्ही वाटून घ्यायला कुणीतरी होतं. ते कुणीतरी पुढे युरोपात नाहीसं झालं, तेव्हा कलावंतांची काय अवस्था झाली ते येईलच.

संस्कृत पंडितांची तीनशे पानी भांडणं

भारतात या प्रश्नावर जेवढा काथ्याकूट झाला तेवढा जुन्या जगात क्वचितच कुठे झाला असेल. सातव्या शतकाच्या आसपास दंडीने काव्याची तीन कारणं दिली: उपजत प्रतिभा, भरपूर आणि निर्मळ अध्ययन, आणि न थकता केलेला सराव. लगेच पुढच्या श्लोकात तो दिलासाही देतो, की पूर्वसंस्कारातून आलेली ती अद्भुत प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि प्रयत्नाने वाग्देवीची उपासना केली तर ती काहीतरी कृपा करतेच. शिकवणी घेणाऱ्या कुठल्याही मास्तरांना हा श्लोक आवडेल.

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने जवळजवळ हीच तीन कारणं घेतली: शक्ती, म्हणजे उपजत बीज, निपुणता, म्हणजे जग, शास्त्रं आणि काव्यं पाहून आलेली जाण, आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. पण त्याने एक फार मार्मिक गोष्ट केली. तीन कारणं सांगून 'हेतु' हा शब्द मात्र एकवचनात ठेवला आणि स्वतःच खुलासा केला: हेतू एकच, अनेक हेतू नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण होतं, सुटी सुटी नव्हेत. 'टॅलेंट की मेहनत' या विषयावर शाळांतून वादविवाद स्पर्धा होतात, त्या मम्मटाच्या लेखी विषयातच चुकलेल्या.

सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने उलट बाजू घेतली. काव्याचं कारण केवळ प्रतिभा, बस. मग ही प्रतिभा येते कुठून? तर म्हणे कधी देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादाने, आणि कधी असाधारण व्युत्पत्ती आणि सरावाने. म्हणजे मेहनतीला पुढच्या दाराने बाहेर काढून मागच्या दाराने घरात घेतलं! पंडितांची ही भांडणं वाचताना कंटाळा येत नाही तो यामुळेच.

प्रतिभेची व्याख्या मात्र सगळ्यांनी जवळपास एकच मानली: नवनवे उन्मेष ज्यातून फुटतात अशी प्रज्ञा. अभिनवगुप्ताचा गुरू भट्टतौत याच्या नावावर ती सांगतात. नवेपणाला किंमत फक्त आधुनिक पश्चिमेने दिली असं सरसकट बोललं जातं, त्याला हे हजार वर्षांपूर्वीचं उत्तर. या पंडितांपैकी राजशेखराला मी मुद्दाम शेवटासाठी मागे ठेवतोय.

चीनमध्ये कन्फ्यूशियसने माणसांची उतरंड लावली: जन्मतःच जाणणारे सर्वांत वर, शिकून जाणणारे त्यांच्या खाली. आणि स्वतःबद्दल म्हणाला, मी जन्मतः जाणणाऱ्यांतला नाही, मी फक्त जुन्याची आवड असलेला आणि ते झटून शोधणारा. गुरूनेच स्वतःला दुसऱ्या पायरीवर बसवल्यावर अख्ख्या संस्कृतीने अभ्यासाला मान दिला यात नवल नाही. तिथल्या शाही परीक्षा सातव्या शतकाच्या सुरुवातीपासून थेट १९०५ पर्यंत चालल्या.

घराणं: नवं काही न करण्याचं कौतुक

आता आमच्या गावचं, ग्वाल्हेरचं, उत्तर. ते मला सर्वांत विलक्षण वाटतं.

अबुल फजलने लिहून ठेवलंय की तानसेनासारखा गवई हजार वर्षांत झाला नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातल्या ३६ गायक-वादकांची यादी आहे, ती सहसा कुणी वाचत नाही. तानसेन ग्वाल्हेरचा, बाबा रामदास ग्वाल्हेरचा, सुभान खान ग्वाल्हेरचा, मियाँ चाँद ग्वाल्हेरचा, सूरमंडल वाजवणारा बीर मंडल खान ग्वाल्हेरचा, बीन वाजवणारा शिहाब खान ग्वाल्हेरचा. यादीतली पंधराच्या आसपास नावं एकतर ग्वाल्हेरची किंवा ग्वाल्हेरकरांच्या भावा-मुलांची. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या दरबारात जवळपास निम्मी मंडळी एका गावची!

ती काही चिंचेच्या पाल्याने झाली नाहीत. राजा मानसिंह तोमराने १४८६ ते १५१६ या काळात इथे ध्रुपदाला आश्रय दिला, गवयांना पोसलं, त्यांच्याकडून शास्त्र लिहवून घेतलं. तानसेनाला सूर लावायला गाव आधीच सुरात लावून ठेवलेलं होतं. लोककथेला हे पटत नाही. ती सांगते, बेहट गावचा तानसेन लहानपणी मुका होता, एक दिवस वाचा फुटली आणि तानेने शिवमंदिर कललं. मंदिर आजही कललेलं आहे आणि दाखवायला माणूसही असतो.

पुढे एकोणिसाव्या शतकात शिंद्यांच्या दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांनी ख्याल गायकीला जे रूप दिलं, ते ग्वाल्हेर घराणं. या भावांची एक कथा गाणाऱ्यांच्या घरोघर सांगतात: बडे महंमद खाँ यांची तानबाजी महाराजांनी या दोघांना पडद्याआडून रोज ऐकवली आणि एक दिवस दोघांनी ती भर दरबारात जशीच्या तशी गाऊन दाखवली. खरंखोटं देव जाणे. पण कथेचा नायक कोण ते बघा. नवं काही शोधणारा नव्हे, दुसऱ्याचं हुबेहूब उचलणारा. युरोपात याला चोरी म्हटलं असतं. आमच्याकडे ती नायकांच्या प्रतिभेची खूण ठरली.

हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी. त्यांच्याकडे शिकायला महाराष्ट्रातून हाल सोसत ग्वाल्हेर गाठणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६). त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दुसरीकडे निसार हुसेन खाँ इथल्या पंडितांच्या घरी राहिले, शंकरराव पंडितांना शिकवलं, आणि ती विद्या कृष्णराव शंकर पंडितांपर्यंत आली. म्हणजे खाँसाहेबांच्या घरातली गायकी दोन पिढ्यांत मराठी ब्राह्मणांच्या घरी नांदू लागली. रक्ताचं नातं शून्य, घराणं एकच. "आवाज लावला की ग्वाल्हेर कळतं" ही इथल्या जुन्या श्रोत्यांची सर्वोच्च दाद. "काहीतरी वेगळंच करतो बुवा" हे वाक्य तेच श्रोते ज्या सुरात म्हणतात, तो कौतुकाचा नसतो.

याचा अर्थ इथे नवं काही झालं नाही असा नाही. झालं, पण गायकाने त्याचं श्रेय घेतलं नाही. "गुरूंकडून आलंय" असंच सांगत राहिला. १९१८ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नातून इथे माधव संगीत विद्यालय निघालं. स्वरलिपी आली, इयत्ता आल्या, परीक्षा आली. गुरूच्या घरी पाणी भरून जे मिळायचं ते फी भरून मिळू लागलं. प्रतिभेचा पत्ता तेव्हाही बदलला, पण कुणी गाजावाजा केला नाही.

युरोपात देव गेला, माणूस एकटा उरला

मध्ययुगीन युरोपात चित्रकार हा सुतार-सोनारासारखा कारागीर होता, त्याची पेढी, त्याचा संघ. १५५० मध्ये इटलीच्या वसारीने कलावंतांची चरित्रं छापली, आणि कारागिराचा नायक होऊ लागला. मायकेलअँजेलोला 'दिव्य' म्हणू लागले. पूर्वी दिव्य ते बोलवणारं होतं, आता बोलणाराच दिव्य झाला.

मग यात पैसा आला. १७१० मध्ये इंग्लंडात कायदा झाला आणि छापलेल्या पुस्तकावर लेखकाचा हक्क मान्य झाला, आधी १४ वर्षं, लेखक हयात असल्यास आणखी १४. हक्क सांगायचा तर हे माझ्याच डोक्यातून आलं असं सांगता यायला हवं. देवाने सांगितलं म्हटलं तर मानधन कुणाच्या नावे काढायचं? 'अस्सल, स्वतःचं' या गोष्टीला अठराव्या शतकात जे सोन्याचं मोल आलं, त्याला हा हिशेबही कारण आहे. १७५९ मध्ये एडवर्ड यंग या इंग्रज कवीने लिहिलं की अस्सल कृती झाडासारखी मुळातून उगवते आणि अनुकरण म्हणजे नुसती कारागिरी. हद्दू-हस्सू खाँ त्याला भेटले असते तर गंमत आली असती.

१७९० मध्ये कांट या जर्मन तत्त्वज्ञाने रेघ आणखी जाड केली. प्रतिभावंत म्हणजे नियम पाळणारा नव्हे, तर ज्याच्या कृतीतून नियम तयार होतात तो. आणि आपण हे कसं केलं ते तो स्वतःही सांगू शकत नाही. यावरून कांटने चकित करणारा निष्कर्ष काढला: न्यूटन कितीही मोठा असला तरी या अर्थाने प्रतिभावंत नाही. कारण न्यूटनला आपली प्रत्येक पायरी दाखवता येते, दुसऱ्याला ती शिकता येते. होमरला तसं करता येणार नाही. आज कुणालाही 'जीनियस' डोळ्यांसमोर आणायला सांगा, विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ दिसेल. अवघ्या दोन शतकांत यादी इतकी उलटली.

ही नवी कल्पना लोकांना एवढी भावली की तिच्यासाठी पुरावेही तयार झाले. १८१५ मध्ये एका जर्मन संगीत नियतकालिकात मोझार्टचं पत्र छापून आलं. त्यात तो सांगतो की अख्खी रचना मला एका दमात, पूर्ण झालेली ऐकू येते. पत्र बनावट होतं. छापणाऱ्या संपादकानेच, रोखलिट्सने, ते रचलं होतं. खऱ्या मोझार्टने १७८५ मध्ये हायडन या संगीतकाराला चार तंतुवाद्यांसाठीच्या सहा रचना अर्पण करताना त्यांना दीर्घ आणि कष्टाच्या श्रमांचं फळ म्हटलं होतं. त्याचे कच्चे आराखडेही सापडतात. पण आजही सांगितली जाते ती बनावट पत्रातलीच गोष्ट.

मोझार्टला एक बहीण होती, नानर्ल. लहानपणी दोघं मिळून युरोपभर वाजवत फिरली. ती उपवर झाली तशी तिचे दौरे थांबले, भावाचे चालू राहिले. तिच्या रचनांची भावाने पत्रातून तारीफ केलेली आहे. त्या रचनांपैकी एकही आज उपलब्ध नाही. ज्या काळाने प्रतिभेला आकाशाएवढं मोठं केलं, त्याच काळाने ती बायकांत नसते हेही ठरवून टाकलं होतं.

मोजपट्टी

एकोणिसाव्या शतकाला सगळंच मोजायचं होतं. डार्विनचा सावत्र आतेभाऊ फ्रान्सिस गॅल्टन याने १८६९ मध्ये नामवंत न्यायाधीश, सेनापती, कवी, शास्त्रज्ञांच्या याद्या करून त्यांचे नातेवाईक मोजले आणि जाहीर केलं की प्रतिभा रक्तातून येते. नामवंताच्या मुलाला शिक्षण, ओळखी, पैसा हेही वारशाने मिळतं, हे त्याने फार मनावर घेतलं नाही. त्याला ग्वाल्हेरला आणून पंडितांच्या घरात बसवायला हवं होतं. खाँसाहेबांचा सूर कुठल्या रक्तातून तिथे आला ते शोधत बसला असता. याच गॅल्टनने १८८३ मध्ये चांगल्या वंशाची पैदास करण्याच्या शास्त्राला नाव दिलं, आणि त्याची फळं विसाव्या शतकाने भोगली. इटलीचा लोंब्रोसो त्याच सुमारास प्रतिभा हा वेडाचाच प्रकार आहे असं सांगत होता. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

बुद्ध्यंकाची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने याने पॅरिसमध्ये चाचणी बनवली ती मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी म्हणजे ठरलेला, न बदलणारा आकडा नव्हे, असं तो बजावत राहिला. १९१६ मध्ये अमेरिकेत ल्युइस टर्मनने तिची नवी आवृत्ती केली आणि १४० च्या वरच्यांपुढे प्रतिभावंत असा शेरा मारला. खालच्यांसाठी बनवलेली शिडी वरच्यांच्या मिरवणुकीसाठी वापरली गेली. १९२१ पासून टर्मनने अशी १५०० हून जास्त मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा पाठपुरावा केला. त्यांतली पुष्कळ चांगल्या हुद्द्यावर गेली. नोबेल एकालाही मिळालं नाही. चाचणी देऊन निवडीत न बसलेल्या दोघांना मात्र मिळालं: विल्यम शॉकली, १९५६, आणि लुईस अल्वारेझ, १९६८, दोघांनाही भौतिकशास्त्रात.

आणि कवटी. आइनस्टाइन १९५५ मध्ये वारला तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने त्याचा मेंदू काढून घेतला, त्याचे २४० तुकडे केले आणि ते वर्षानुवर्षं बरण्यांत ठेवले. पुढे त्यावर निबंध लिहिले गेले. सापेक्षता कुठल्या घडीत होती ते काही सापडलं नाही.

आता सध्याचा पत्ता: दहा हजार तास. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांना गाठलं. सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात निघाला. सरासरी, हे लक्षात ठेवा. पुढे हा आकडा नियम म्हणून गाजला, तेव्हा स्वतः एरिक्सनने हरकत घेतली: निम्मे तर त्या आकड्यापर्यंत पोचलेच नव्हते, आणि मुद्दा तासांचा नसून चुका दाखवणाऱ्या गुरूच्या नजरेखाली केलेल्या सरावाचा आहे. 'जाणकाराच्या हाताखाली अभ्यास' हे मम्मटाचे शब्द इथे आठवतात. २०१४ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली. माणसामाणसांतल्या फरकाचा सरावाने उलगडणारा वाटा संगीतात सुमारे २१ टक्के, खेळात १८ टक्के, शिक्षणात ४ टक्के निघाला. सराव लागतोच, पण संगीतातल्या उरलेल्या ७९ टक्क्यांत काय काय आहे याची यादी कुणापाशी नाही. आमच्या लक्ष्मीबाई कॉलनीतल्या कोचिंग क्लासच्या पाट्यांना हे सांगायला जाऊ नये.

कुणाला दिसली?

या सगळ्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला: प्रतिभा येते कुठून? दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्याला दुसरा जोडला. तो म्हणतो, प्रतिभा दोन प्रकारची. एक कारयित्री, रचणाऱ्याची. दुसरी भावयित्री, जाणणाऱ्याची. कवीचा वृक्ष फळाला येतो तो या दुसरीमुळे; नाहीतर वांझ राहतो. प्लेटोच्या साखळीत श्रोता शेवटची, नुसती ओढली जाणारी कडी. राजशेखराकडे त्यालाही प्रतिभा लागते.

याचा पुरावा हवा तर रामानुजन घ्या. नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात सूत्रं दाखवते, असं तो सांगायचा. म्हणजे त्याच्यापुरता पत्ता जुनाच होता. मद्रासच्या या कारकुनाने आपली सूत्रं केंब्रिजच्या बेकर आणि हॉबसन या गणितज्ञांना पाठवली. दोघंही नामांकित. दोघांनीही दाद दिली नाही. जानेवारी १९१३ मध्ये तशीच सूत्रं केंब्रिजच्याच हार्डी या गणितज्ञाच्या टेबलावर आली. त्याने आपला सहकारी लिटलवुड याला बोलावलं, दोघं कागद घेऊन बसले, आणि हा माणूस पहिल्या प्रतीचा आहे हे त्यांना कळून चुकलं. गणिती तोच होता, देवीही तीच. वाचणारे बदलले होते. मेंडेलला हार्डी मिळाला नाही. वाटाण्यांवरचा त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळपास कुणाला त्याचं महत्त्व कळलं नाही. तोवर तो वारला होता.

कधी कधी तर पाहणारे इतके जागे असतात की एकच गोष्ट दोघांना दिसते. १४ फेब्रुवारी १८७६ ला बेल आणि ग्रे या दोघांच्या वतीने टेलिफोनचे कागद एकाच दिवशी पेटंट कचेरीत दाखल झाले. डार्विन आणि वॉलेस यांचं म्हणणं १८५८ मध्ये एकाच सभेत वाचलं गेलं. आणि कधी नावच उरत नाही. आमच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. आतल्या विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात मंदिराला दिलेल्या फुलबागेची मापं आहेत: २७० हात बाय १८७ हात, आणि देवाला रोज ५० माळा. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, नीट गोल कोरलेलं आहे. मंदिर बांधणारा, राजा, यांची नावं आहेत. शून्य लिहायची युक्ती कुणाची, ते नाही. कोरणाऱ्याला ती एव्हाना रोजच्या हिशेबातली वाटत होती.

राजशेखर पुढे जाणकारांचेही चार प्रकार करतो. अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळं चरतो, म्हणजे प्रत्येक पोराला 'गॉड गिफ्टेड' म्हणणारा. मत्सरी, ज्याला कळतं पण सांगवत नाही. आणि तत्त्वाभिनिवेशी, नेमकं मर्म ओळखणारा, हजारांत एखादा. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकांची रांग बसलेली असते तेव्हा कोण कुठल्या खुर्चीत आहे हे ओळखण्याचा खेळ आमच्याकडे चांगला रंगतो.

चौथा प्रकार किती दुर्मीळ आणि किती जवळ सापडू शकतो, त्याचं मराठीतलं उदाहरण बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात ओव्या सुचायच्या आणि हवेत जायच्या. त्या सरस्वतीला माय मानत. त्यांच्यापुरतं उत्तर तेवढंच. मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ यांनी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. मग वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांना ती काय चीज आहे ते तत्काळ उमगलं, आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून आईचं बोलणं त्यांना कविता वाटलं. खानदेशातल्या इतर जात्यांवर तेव्हा काय काय गायलं जात होतं आणि त्या घरांतल्या मुलांना ते काय वाटलं, याची वही कुणी धरलेली नाही.